केर कोणी काढायचा आणि यंत्र कोणी उघडायचं?

(घरकामगार स्त्रिया आणि परिसरातील महिला गट यांच्या पुण्यातील एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे थोडं संपादित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि स्त्रिया’. कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की या विषयावर मला जे खरोखर कळलं आहे ते आमच्या घरातलं एक बंद पडलेलं यंत्र उघडताना कळलं. म्हणून आज त्या यंत्राचीच गोष्ट सांगते. या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती माझ्या कामाच्या अगदी गाभ्याला लागणारी चूक आहे, आणि ती तुमच्यासमोर, विशेषतः इथे बसलेल्या घरकामगार बहिणींसमोर सांगायला मला सोपं जात नाही. पण सांगितली नाही तर बाकीच्या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

आमच्या घरी मी आणि माझी आई अशा दोघीच. आईचे गुडघे गेलेले आहेत, तिला वाकता येत नाही. माझा भाऊ बंगळुरूला नोकरी करतो. २०२३ च्या भाऊबीजेला तो आला नाही; त्याने ओवाळणी म्हणून कुरिअरने एक खोकं पाठवलं. त्यात केर काढणारं यंत्र होतं. परातीएवढं गोल, चार बोटं उंच. बटण दाबलं की आपलं आपण घरभर फिरतं, पोटात धूळ ओढतं आणि काम झालं की कोपऱ्यातल्या ठाण्यावर जाऊन चार्ज होत बसतं. भावाने फोनवर सांगितलं, “आता तुम्हा दोघींना केर काढायला नको.”

आता खरी गोष्ट अशी की, केर आम्ही दोघी काढतच नव्हतो. तो काढत होत्या आमच्याकडे केर-फरशी आणि भांडी करणाऱ्या मावशी. ‘मावशी’ म्हणते, कारण त्यांनी नाव न घ्यायला सांगितलं आहे. शिवाय आपण पुण्यात सगळ्यांनाच मावशी म्हणतो. नातं जोडलं की पगार, रजा, बोनस यांबद्दल बोलायला संकोच वाटतो, आणि तो संकोच कोणाच्या सोयीचा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मावशींना केर-फरशीचे महिन्याला बाराशे रुपये होते. यंत्र आल्यावर दीड महिन्याने आई म्हणाली, “केर यंत्र काढतं, त्यांना नुसती फरशीच पुसायची असते. मग पुरे पैसे कशाला?” जानेवारी २०२४ पासून आम्ही चारशे रुपये कमी केले. ‘आम्ही’ म्हणते आहे. बोलली आई, पण मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. त्याच आठवड्यात मी एका वस्तीत किमान वेतनावर बोलून आले होते! मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि फडकं पिळलं.

२०२५ च्या जानेवारीत यंत्र बंद पडलं. चालू केलं की हातभर पुढे जायचं, थबकायचं, मागे यायचं आणि इंग्रजीत सांगायचं की बाजूचा ब्रश अडकला आहे. हमी एक वर्षाची होती, ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली. मी सेवा केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन देता का?” जेन्ट्स नाहीत म्हटल्यावर त्याने आवाज मोठा करून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की यंत्र घेऊन या. नेलं. तिथे त्यांनी ते उलटं करून पाहिलं आणि सांगितलं, “पूर्ण भाग बदलावा लागेल. सुटी मोटर मिळत नाही. चार हजार आठशे. त्यापेक्षा हे द्या आणि नवीन घ्या.” मी यंत्र परत घरी आणलं आणि पलंगाखाली सरकवलं.

यंत्र पलंगाखाली गेलं आणि केर आपोआप मावशींकडे परत आला. कोणी काही ठरवलं नाही, कोणी त्यांना विचारलं नाही. त्यांनी दारामागचा झाडू उचलला आणि काम सुरू केलं. कापलेले चारशे रुपये मात्र त्यांच्याकडे परत गेले नाहीत. माझ्या लक्षात यायला सव्वीस दिवस लागले. लक्षात आलं तेही पगाराचं पाकीट भरताना. हातात आठशे मोजले आणि घरात झाडूचा आवाज येत होता.

एम.एस.डब्ल्यू.ला मी ‘लिंगभावाधारित श्रमविभागणी’ या विषयावर चांगले गुण मिळवले होते. ते गुण त्या दिवशी मला फार उपयोगी पडले नाहीत.

आधी यंत्राचं सांगते, मग पैशांचं. पण ते दोन्ही शेवटी एकच निघालं.

त्या रविवारी मी माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पेटी काढली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. पाना, पक्कड, पेचकस, टेस्टर सगळं तेल लावून ठेवलेलं. ती पेटी आमच्या घरात बाईने कधी उघडली नव्हती. कोणी मनाई केली होती असं नाही. मनाई करायची गरजच पडली नव्हती.

जमिनीवर जुनी चादर पसरली, यंत्राचं मुख्य बटण बंद केलं आणि ते पालथं घातलं. पोटाखाली मध्ये एक लांब गोल ब्रश, पुढे एक लहान चाक, दोन्ही बाजूंना दोन मोठी चाकं आणि कडेला तीन पाकळ्यांचा छोटा ब्रश. हा छोटा ब्रश कोपऱ्यातली धूळ आत लोटतो. तो एका स्क्रूने बसवलेला होता. स्क्रू काढला, ब्रश उपसला आणि आत पाहिलं तर केस! आईचे पांढरे, माझे काळे, दांड्याभोवती घट्ट गुंडाळून त्यांची अक्षरशः सुतळी झाली होती. मधल्या ब्रशच्या दोन्ही टोकांना तेच. पुढचं छोटं चाक ओढून काढलं, त्याच्या आसाला तेच. मोटर फिरायला बघते, केस तिला फिरू देत नाहीत, मग तिच्यातून जास्त वीज ओढली जाते आणि यंत्र स्वतःला वाचवायला थांबतं. एवढीच भानगड.

हे केस पेचकसाने निघेनात. शेवटी आईची क्रोशाची सुई आणि शिवण उसवायचं ब्लेड घेतलं. अर्धा तास लागला. खालच्या बाजूला काचेच्या बारीक खिडक्या असतात, त्या कोरड्या सुती फडक्याने पुसल्या. त्यांतून यंत्र जमिनीवर न दिसणारा प्रकाश टाकतं. तो परत आला नाही तर पुढे पायरी आहे असं समजून मागे फिरतं. त्या खिडक्यांवर धूळ बसली किंवा खाली काळी सतरंजी असली, तर सपाट जमिनीवरही त्याला खड्डा दिसतो. धूळ साठणारा डबा, त्याची जाळी, चार्ज होण्याच्या पितळी पट्ट्या, सगळं साफ केलं. चालू केलं. यंत्र फिरायला लागलं! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण छोटा ब्रश फिरत नव्हता. टिचकी मारली की दोन फेरे घ्यायचा, पुन्हा थांबायचा. म्हणजे बिघाड आणखी आत होता.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा तळ उघडला. बारा स्क्रू. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि एका पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते. बॅटरीचा जोड आधी सोडवला. छोट्या ब्रशची मोटर सुटी करून तिला तीन पेन्सिल सेल जोडून पाहिले. कधी फिरे, कधी नाही. मला पुढे काही सुचेना.

तेवढ्यात मावशी भांडी आटोपून पदराला हात पुसत बाहेर आल्या. उभ्या उभ्याच वाकून त्यांनी मोटर पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, हा टाका सुटलाय. ड्राय सोल्डर आहे. वायर नुसती टेकलेली आहे बघा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या आणि मला माहीत नव्हतं की त्याआधी आठ वर्षं त्यांनी भोसरीला एका कारखान्यात सर्किटच्या पाट्यांवर टाके घालायचं काम केलं होतं. कंत्राटी. सगळ्या बायकाच. “बायकांचे हात बारीक कामाला बरे” असं साहेब म्हणायचे. धुरानं डोळे चुरचुरायचे. मी विचारलं, “मग तुम्ही दुरुस्तीही करायचात?” त्या हसल्या. “दुरुस्तीचं टेबल वेगळं. तिथे पोरं. त्यांना आयटीआय लागायचं. आमच्या घरात आयटीआयला भावाला घातलं. पगारही त्यांचा जास्त. पण टेबल समोरच होतं, मी बघायची.” एक दिवस त्यांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. मग दहा घरची धुणी-भांडी.

मैत्रिणींनो, यावर थोडं थांबू या. वस्तू जोडायची तेव्हा बाईचे हात कुशल असतात. तीच वस्तू उघडायची वेळ आली की घरातल्या जेन्ट्सना फोन द्यावा लागतो. जोडणारीला ती वस्तू आतून माहीत असते, पण त्या माहितीला ‘ज्ञान’ म्हणत नाहीत, ‘सवय’ म्हणतात. आणि सवयीचा पगार ज्ञानाच्या पगारापेक्षा नेहमी कमी असतो. घरकामाचंही तेच आहे ना?

कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न तासाभरासाठी मागून आणलं. मावशींनी आधी खिडक्या उघडल्या. जुना टाका काढला, वायरचं टोक खरवडून स्वच्छ केलं, त्याला थोडी पेस्ट लावली. मग मोटरची पट्टी आणि वायर दोन्ही एकदम तापवल्या आणि तार टेकवली. “आयर्नवर तार वितळवायची नाही ताई, कामावर वितळली पाहिजे. आणि फुंकर मारायची नाही, आपलं आपण गार होऊ द्यायचं.” टाका चकचकीत बसला. दातेरी चाकांच्या डबीतही केस शिरले होते, ते मी क्रोशाच्या सुईने काढले. बॅटरी जोडली, बारा स्क्रू लावले. यंत्र चाललं. अजून चालतं आहे. खर्च शून्य रुपये, दोघींचे मिळून साडेतीन तास.

आता पैशांचं.

यंत्र सुरू झाल्यावर आई खूश होऊन म्हणाली, “बरं झालं, तुमचा केर वाचला.” मावशी पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, “काकू, केर कुठे वाचतो? यंत्र फिरवायचं तर आधी मी पायपुसणी उचलते, चपला उचलते, वायरी वर टांगते, खुर्च्या पलंगावर ठेवते. मग त्याचा डबा रिकामा करते, जाळी झटकते, केस काढते. ते जातं पलंगाखाली अडकून, त्याला मी ओढून काढते. कपाटामागे ते जात नाही, तिथे झाडूच लागतो. तुम्ही चारशे कापले तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं.”

मला त्या वेळी रुथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंचं १९८३ सालचं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक आठवलं. घरात यंत्रं आली तरी घरच्या बाईचं काम का कमी झालं नाही, याचा इतिहास त्यांनी मांडला. नवी साधनं आली तेव्हा पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची कामं कमी झाली. पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि उरलेलं सगळं एका बाईवर आलं. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत कपडे धुवायचं यंत्र आलं, तेव्हा पूर्वी धोब्याकडे किंवा धुणंवालीकडे जाणारं धुणंही गृहिणीकडेच आलं. कोवनबाईंनी पुस्तकभर जे दाखवलं, ते मावशींनी आमच्या हॉलमध्ये उभं राहून चार वाक्यांत सांगितलं.

आपल्या देशाचे आकडेही हेच सांगतात. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकाम करत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची २८९ मिनिटं झाली आणि पुरुषांची ८८. मधल्या पाच वर्षांत बाजारात किती यंत्रं आली! बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं कमी करून घेतली.

म्हणून माझ्या भावाच्या भेटीबद्दल थोडं बोलते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण आईचं म्हातारपण ही आम्हा दोघांची जबाबदारी आहे, आणि त्याच्या वाट्याचा वेळ त्याने खोक्यात घालून पाठवला. यंत्र बिघडल्याचं कळलं तेव्हा म्हणाला, “अगं, नवीन पाठवतो.” मी म्हटलं, “यंत्र नको, तू आठवडाभर ये आणि आईला बघ.” तो हसला. मी हसले नाही. अजून तो आलेला नाही, तेही तुम्हाला सांगून ठेवते.

मावशींना जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५ अशा तेरा महिन्यांचे कापलेले पाच हजार दोनशे रुपये मी दिले. सेवा केंद्राने दुरुस्तीला मागितले होते त्यापेक्षा हे चारशेने जास्त. म्हणजे यंत्राने जी बचत केली असं आम्ही समजत होतो, ती सगळी मावशींच्या खिशातून झालेली होती. फेब्रुवारीपासून केर-फरशीचे बाराशे पूर्ववत केले आणि यंत्राच्या देखभालीचे दोनशे वेगळे धरले. टाक्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आईला हे पटलं का? अजून पुरतं नाही. आमचा वाद चालू आहे.

हा नुसता माझ्या घरचा मामला नाही. १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. या सगळ्या लढ्यात आपण पगार, रजा, बोनस मागितला. आता आणखी एक कलम घालायला हवं असं मला वाटतं. घरात यंत्र आलं म्हणून परस्पर पैसे कापायचे नाहीत. काम बदललं असेल तर जी ते करते तिच्याशी बसून, काय कमी झालं आणि काय वाढलं हे मोजून मगच बोलायचं.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रं घराचा नकाशा काढतात. आमच्या यंत्रात कॅमेरा नाही, पण अनेकांत असतो. २०२२ च्या डिसेंबरात ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने छापलं होतं की एका कंपनीच्या चाचणीतल्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली घरातली चित्रं बाहेर फुटली आणि समाजमाध्यमांवर गेली. त्यांत शौचालयात बसलेल्या एका बाईचं चित्र होतं. चित्रांत काय आहे हे ओळखून खुणा करायचं काम दूरच्या देशातल्या कंत्राटी कामगारांकडे दिलेलं होतं, तिथून ती फुटली. आणि कॅमेरा नसला तरी, आमच्या समुपदेशन केंद्रात एक बहीण म्हणाली, “नवरा ऑफिसातून फोनवर बघतो, आज यंत्र किती वाजता फिरवलं.” तेव्हा अशी वस्तू घरी आली तर ती कोणाच्या फोनला जोडली आहे, हे आधी विचारा.

आता शेवटचं, कामाचं. आमच्या गटात आम्ही महिन्यातून एका शनिवारी दुरुस्तीला बसतो. शिकवायला मावशी असतात आणि त्याचं मानधन त्यांना गट देतो. कल्पना आमची नाही. मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅमला पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरवलं, आता ते अनेक देशांत भरतात. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीच्या हक्का’वर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. सुटा भाग मागणं, दुरुस्तीची माहिती मागणं ही मेहरबानी नव्हे, तो ग्राहकाचा हक्क आहे, हे दुकानात मोठ्याने म्हणायची सवय करू या.

आमच्याकडे सगळं जमतं असं नाही. एक इस्त्री आम्ही कायमची घालवली. मिक्सरचे कार्बन ब्रश मात्र आता चौघींना बदलता येतात. काही नियम पाळतो. प्लग काढल्याशिवाय काही उघडायचं नाही. बॅटरीचा गठ्ठा उघडायचा नाही, टोचायचा नाही, त्याला टाका घालायचा नाही. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावायची नाही. आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, कारण ती पेटते आणि तो कचरा वेचणारे हात बहुधा आपल्याच बहिणींचे असतात. ती ई-कचऱ्यात वेगळी द्यायची.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली एक बंद पडलेली वस्तू आणा. ती कोणी बंद पाडली ते विचारणार नाही. आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी त्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा, की इथे यायच्या आधी तुम्ही काय काम करत होतात? मी सहा वर्षं विचारलं नव्हतं.